विशाखाचं दूध

धानोरा
डिसेंबर १९८६

प्रिय गिरजाबाई,

तुझ्या लहान्या बहिणीचा जयभीम. आमी इथी खुशीत आहो. यांची आश्रमशाळेतली नोकरी चांगली चालू आहे. शेजारीण गोंडी बोलते, मी मराठी. मंग दोघी नुसत्या हासतो. दिवसभरात तेवढंच बोलणं.

मायचा गुडघा कसा आहे? लाखोळीची डाळ पोचली, सांगजो तिले.

विशाखा अडीच वर्साची झाली, तरी अंगावरचं दूध काऊन नाई तोडलं, असं तू इचारलं. पोरगी सोडतच नाई, असं मायले सांग. यायलेही मी तेच सांगतो.

तुले खरं सांगतो. पाजत असलं का दुसऱ्यानं दिवस राहत नाईत, असं सुईण म्हणे. म्हणून मीच तिले खेळातून बलावून पाजतो. रात्री पेते म्हणून ती आमच्या मधात निजते. हे वाईट नाईत, बाई. विशाखाले भाऊ पायजे, एवढंच म्हणतात, तेही हासून. मी पण हासतो, अन् विशाखाले पदराखाली घेतो.

विशाखाच्या बाळंतपणात दवाखान्यात तू होती, म्हणून तुलेच लिहितो. तुझ्या मनगटावरचे माझ्या नखाचे वण गेले का?

काल तिले मांडीवर घेतलं, तं तिनं तोंड फिरवलं. म्हणे, "माय, भात दे." पोटभर जेवली अन् खेळाले गेली. आजही तसंच.

बाई, आता तिले मधात काऊन निजवतो म्हणून यायले सांगू?

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सत्यशीला