केशरमावशींचे धवले आणि लुकलुकणारा दिवा

डोंबिवली (पूर्व)
रविवार, दुसऱ्या चहानंतर

प्रिय परशुराम,

पालथ्या पडलेल्या मित्राला खुर्चीत बसलेल्या मित्राचा नमस्कार.

डोळ्याचा पडदा जागेवर बसला का? डॉक्टरांनी तुला दहा दिवस पालथे झोपायला सांगितले आहे हे कळल्यावर सुमती म्हणाली, की कोलशेतच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत भाऊजी तेवीस वर्षे हेच करत होते, त्यांना जड जाणार नाही. मायावहिनींची प्रकृती कशी आहे? (ज्या घरात पुरुष दहा दिवस पालथा असतो, तिथे प्रकृती बाईची विचारावी.) टिटवाळ्याला तुमच्या मागे नव्या इमारतीची खणाखणी चालली होती, ती थांबली असेल अशी आशा करतो. नसली तर त्या मशीनचा आवाज खर्जातला आहे की कसा, तेवढे कळव. आमच्या मंडळात एक गृहस्थ असले आवाज गोळा करतात.

तुला वाचता येणार नाही, म्हणून हे पत्र मयूरने वाचून दाखवायचे असे मी वहिनींशी ठरवले आहे. मयूर, सावकाश आणि मोठ्याने वाच. कंस गाळू नकोस. पुढे डोकावू नकोस. एकूण सात पाने आहेत, हे तुझ्या आईला मी सांगून ठेवले आहे. आता तू म्हणशील, मधू, फोन का नाही केलास? फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला थांबवून शिव्या घातल्या असत्यास. शिव्या मला मान्य आहेत, पण पूर्ण ऐकून घेतल्यावर घाल.

ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी तू मला जे सांगितलेस ते मी विसरलेलो नाही. तुझी आई, सगुणामावशी, आणि तिची धाकटी बहीण केशरमावशी अशा दोघी जोडीने धवले गायच्या. सगुणामावशी जाऊन नऊ वर्षे झाली आणि तिचा आवाज कुठेही उरला नाही. मी पंचवीस वर्षे खिशात कुठले ना कुठले रेकॉर्डर घेऊन हिंडणारा माणूस, तुमच्या ओटीवर शंभर वेळा भाकरी खाल्लेला, आणि तिच्यापुढे ते एकदाही ठेवले नाही. गवयांच्या मागे धावत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते. आता केशरमावशी एक्क्याऐंशीच्या, आणि तुझ्या पुतणीच्या, म्हणजे नयनच्या लग्नानंतर आपण गाणार नाही असे त्यांनी जाहीर केलेले. तू म्हणालास, "मी तर येऊ शकत नाय. मावशीचा आवाज तेवढा धरून आण." बस, एवढेच काम होते.

हे काम मी आमच्या मंडळापुढे मांडले. मंडळ तुला माहीत आहे: आम्ही सहा जण, दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि आपापली रेकॉर्डिंग एकमेकांना ऐकवतो. (गाणे कुणी ऐकत नाही. गाण्याच्या मागे जी शांतता असते ती किती शांत आहे, हे ऐकतात.) मी सांगितले, की आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवलारीण लागते, ती धवले गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते, आणि ही बाई शेवटचे गाणार आहे. सगळे गंभीर झाले. पाच मिनिटे बाईंबद्दल बोलले आणि मग अडीच तास माझ्या यंत्राबद्दल. डॉ. सुश्रुत (दातांचे डॉक्टर, स्वतःच्या दवाखान्यातल्या ड्रिलचे त्यांनी चार कोनांतून रेकॉर्डिंग केले आहे) म्हणाले, की असल्या कामाला माझे जुने यंत्र नेणे म्हणजे गुन्हा आहे, त्यात मागे बारीक सळसळ येते. ती सळसळ मला सात वर्षांत ऐकू आली नव्हती. त्या संध्याकाळपासून दुसरे काही ऐकू येईना. शेवटी नवे यंत्र आणले, मुठीत मावेल एवढे, समोर दोन माइक खेकड्याच्या नांग्यांसारखे. जुने यंत्र डॉक्टरांनीच मोठ्या मनाने घेतले. आता ते म्हणतात, सळसळ तशी नाहीच.

नव्या यंत्राबरोबर एकशे चाळीस पानांची माहितीपुस्तिका आली. ती मी वाचली नाही, कारण पंचवीस वर्षे हे करणाऱ्याने पुस्तिका वाचणे मला कमीपणाचे वाटले. लाल बटण दाबले की सुरू, पुन्हा दाबले की बंद. जगातल्या प्रत्येक यंत्राचे असेच असते.

तर मांडवाच्या दिवशी सकाळी मी, सुमती आणि आमची उर्वी कोलशेतला तुझ्या भावाच्या घरी पोचलो. (उर्वीला ठाण्याच्या दवाखान्यातून सुट्टी मिळत नाही म्हणते. या खेपेला न मागता मिळाली. मला आनंद झाला. मुलीला वडिलांच्या छंदाची गोडी लागते आहे असे मी समजलो.) मयूर तुझ्या घरातर्फे हजर होताच, त्याने आमचे सामान उचलले, स्टँड लावला, पोरांना लांब ठेवायला यंत्राशेजारीच उभे राहतो म्हणाला. अशी गुणी मुले हल्ली कुठे मिळतात, असे मी सुमतीला म्हटले. आता आठवते, ती हसली होती.

त्यानंतर मी जे केले ते मंडळात ऐकताना सगळ्यांना फार आवडले असते. पलीकडच्या गल्लीत डीजेवाला स्पीकर तपासत होता, त्याला तुझ्या भावाचे नाव सांगून दोन तास गप्प केले. मांडवातले पंखे बंद केले, कारण पंखा माइकमध्ये घोंघावतो. मागे वाटण चालले होते, तो मिक्सर थांबवला. केशरमावशींच्या सुनेने माझ्याकडे कसे पाहिले ते लिहीत नाही. आणि मोबाइल! मोबाइल जवळ असला की रेकॉर्डिंगमध्ये टरटर येते. म्हणून मी एक वेताची पाटी फिरवली आणि सगळ्या पाहुण्यांचे मोबाइल गोळा करून आतल्या खोलीत ठेवून दिले. नयनच्या नवऱ्याकडून आलेल्या दोन बायका व्हिडिओ काढत होत्या, त्यांचेही. (हा मुद्दा लक्षात ठेव, परशुराम. मला तो विसरता येत नाही.) हळद उडेल म्हणून यंत्राला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, माइकपुरती आणि बटणापुरती भोके पाडली. पिशवीतून पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते. लाल दिवा मात्र छान लुकलुकताना दिसत होता.

केशरमावशी आल्या. हिरवे लुगडे, एका हाताने मांडवाचा खांब धरलेला. मी हेडफोन कानाला लावले, बटण दाबले, दिवा लुकलुकू लागला आणि त्यांनी पहिला धवला धरला. मी आजवर पुष्कळ ऐकले आहे. पण घामाने निथळत बसलेल्या त्या गप्प माणसांत त्या बाईंचा आवाज हेडफोनमधून आला तेव्हा मला रडू फुटले. लाजत नाही, सांगतो. देव झाले, वेशीवरचे झाले, मग घरातली गेलेली माणसे आली, आणि त्यांनी सगुणामावशीचे नाव घेतले. तिथे आवाज जरा अडकला. पुन्हा पहिल्यापासून घेतला आणि तिला लग्नाला बोलावले. मी डोळे मिटून मनात म्हणालो, परशुराम, हे तुझ्यासाठी धरले.

धवला संपला की मी बटण दाबून थांबवत होतो. मधल्या गप्पा, चहा, भांडी असला कचरा मला चालत नाही. पुढचा सुरू झाला की पुन्हा दाबायचे. असे अकरा धवले झाले. दुपारी मी पाटीतले मोबाइल ज्याचे त्याला दिले आणि सगळ्यांचे आभार मानणारे छोटेसे भाषणही केले.

संध्याकाळी डोंबिवलीला येऊन ऐकायला बसलो. मयूर, इथे जरा थांब आणि बाबांना पाणी हवे का विचार.

परशुराम, या नव्या यंत्राचे लाल बटण एकदा दाबले की ते फक्त तयार होते. दिवा लुकलुकतो, हेडफोनमध्ये सगळे ऐकू येते, काटे हलतात, पण ते काहीही धरत नाही. दुसऱ्यांदा दाबले की दिवा स्थिर होतो आणि मग रेकॉर्डिंग सुरू होते. तिसऱ्यांदा दाबले की थांबते आणि पुन्हा लुकलुकू लागते. पान अठरा, मोठ्या अक्षरात, चौकटीत. म्हणजे मी सुरू समजलो तेव्हा ते बंद होते, आणि बंद समजलो तेव्हा सुरू. अकराच्या अकरा वेळा. केशरमावशींचा एक सूर नाही. त्याऐवजी धवल्यांच्या मधला त्रेपन्न मिनिटांचा कचरा आहे, आणि तो, सांगायला संकोच वाटतो, अतिशय स्वच्छ आला आहे. त्यात माझाच आवाज सगळ्यात जास्त आहे. हा टेक उत्तम झाला, असे मी सात वेळा म्हटले आहे. सुमती तुझ्या वहिनीला सांगते आहे, की मी तीन यंत्रे पिठाच्या डब्यामागे लपवली आहेत आणि तिला माहीत नाही असे मला वाटते. कपबश्यांचा आवाज तर असा, की डॉक्टरांना हेवा वाटावा.

मी रात्री जेवलो नाही. तू एक काम सांगितलेस आणि मी ते असे केले, की आता दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्येही काही नाही. मला माफ कर. यापुढे मी मंडळात तोंड उघडणार नाही. (उघडले. लगेचच्या रविवारीच. डॉक्टरांनी फक्त विचारले, की पिशवी कुठल्या जाडीची होती.)

उर्वीचा तुला नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा,
मधू

ता. क. माफी मागून गप्प बसणारा मी नाही हे तुला ठाऊक आहे. गेल्या बुधवारी मिठाई घेऊन केशरमावशींकडे गेलो आणि सगळे कबूल करून म्हटले, पुन्हा एकदा घरात बसून गा, फक्त माझ्या यंत्रासाठी. त्यांनी मिठाई ठेवून घेतली आणि नाही म्हणाल्या. मांडव नाही, नवरी नाही, मग देवांना आणि गेलेल्यांना उगाच कशाला बोलवायचे? सगळे येऊन उभे राहिले तर त्यांना सांगायचे काय? म्हणजे धवले पाहिजेत तर तुमच्या घरात लग्न पाहिजे. पण मांडवातून त्यांनी अंग काढून घेतले आहे असेच सगळे समजतात, आणि काल रात्रीपर्यंत मीही तेच समजत होतो.

ता. क. २. मयूर, इथून पुढेही मोठ्यानेच वाच. पाने सात आहेत.

परशुराम, काल रात्री तो कचरा पुसून टाकायला बसलो. पुसण्याआधी प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची ही आमच्या मंडळाची शिस्त. आठव्या आणि नवव्या धवल्याच्या मधे मी चहाला गेलेलो. यंत्राशेजारी दोघेच होते, तुझा मयूर आणि माझी उर्वी. चोरून ऐकल्यासारखे होते, म्हणून सगळे लिहीत नाही. पण चार वर्षे झाली आहेत. दोघांचे पक्के आहे, आणि दोघांनाही आपापल्या बापाला सांगायचा धीर नाही. मयूर म्हणतो, आधी बाबांचे डोळ्याचे होऊ दे. उर्वी म्हणते, आधी बाबांचे रेकॉर्डिंग होऊ दे. मग मधेच खोकल्याचा आवाज येतो. केशरमावशी खांबाला टेकून मागेच बसलेल्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते मी चार वेळा थांबवून उतरवून घेतले आहे:

"बापाना सांगाला भिताव कनाला? सांगून टाका. तुमचे लग्नान मीच गानार. तवर मी काय मरत नाय."

ता. क. ३. तर माझी विनंती अशी. मुलीचा बाप म्हणून मी उर्वी तुमच्या घरात द्यायला तयार आहे. सुमतीला विचारले, तर तिला दोन वर्षांपासून माहीत होते. आमच्यात मासे शिजत नाहीत अशी शंका वहिनींना आली, तर सुमती तुमच्याकडे काय काय जेवली आहे ते त्यांनीच आठवावे. तू हो म्हणावेस असे मला फार वाटते, आणि ते धवल्यांसाठी नाही. धवल्यांसाठीही आहे. विचार करायला वेळ घे, पण मावशींचे वय तुला माहीत आहे.

मयूर, पत्र इथे संपले. आमची बाजू मी लिहिली. तुझी मी लिहिणार नाही. कागद खाली ठेव, बाबांच्या उशापाशी बस आणि बोल.