मैनेच्या पोटावर टाका नाही

चि. सौ. जमुना हिस,

बार्शीटाकळीहून नत्थुजी भाऊजींचा आशीर्वाद. तिवस्यात सगळे बरे असाल. देवानंदरावांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा आहे.

तुझ्या ताईची कुत्री मैना (कुत्रीला पक्ष्याचं नाव, पण गोदापुढं माझं कधी चाललं?) लघवीतून रक्त टाकू लागली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई प्रणालीताई, त्यांनी लघवीचा नमुना मागितला. मग मी वरणाची पळी घेऊन अंगणभर तिच्या मागे. ती बसली की मी वाकायचो, मी वाकलो की ती उठायची. शेजारच्या आशाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, काय करून राहिले?" मी सांगितलं, "मैनेची लघवी धरून राहिलो." तेव्हापासून त्या आपल्याकडचा चहा घेत नाहीत.

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पोट फाडायचं काम नाही. लघवीच्या वाटेनं कॅमेऱ्याची बारीक नळी घालू आणि गाठ लेझरनं जाळू." त्या दिवशी तिला उपाशी ठेवायचं होतं. तिच्यासमोर एकट्यानं कसं जेवायचं, म्हणून मीही राहिलो. शेवटी झालं असं, की भूल उतरून मैना तिरपी-तिरपी का होईना, पण चालत बाहेर आली, आणि मी बाकावर सलाईन लावून आडवा. (लोकांनी विचारपूस मात्र तिचीच केली.)

घरी आणल्यावर तिचं पोट चाचपत बसलो. कुठंच टाका नाही. गोदाचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवलं, तेव्हा बाहेर माझ्याजवळ तूच होतीस. इथं टाकाच नाही, म्हणजे काही झालंच नसेल, असं मला वाटू लागलं. पण डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "वाट मोकळी केली, त्रास कमी होईल. पण गाठ भिंतीत शिरली आहे, पुन्हा वाढेल. मिळतील ते महिने चांगले जातील." मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, चांगले जाऊ द्या."

सध्या ती खाते, मांजरावर भुंकते. संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसते. मीही बसतो.

तुझा भाऊजी,
नत्थुजी

ता.क. मैना गोदाच्या जुन्या लुगड्यावर निजायची. दवाखान्यात ते भरलं, म्हणून मी सोड्यात घालून धुतलं. आता ती ते हुंगते आणि निघून येते. गोदा शेवटी तुझ्याकडे राहिली होती, तेव्हाचं एखादं लुगडं असेल तर पाठव. धुऊ नको.

ता.क. २. दोन असतील तर दोन्ही पाठव. मैनेला एक पुरे.