तिच्या वाट्याचं ऊन

प्रिय धाकट्या,

तुझी खुशाली विचारत नाही; तू मजेतच असशील. लेक महिनाभर माझ्याकडे आहे, तिची खुशाली तू विचारली नाहीस, तेव्हा मीच कळवते. ठमीच्या तोंडातले फोड बसलेत, दोन घास नीट जातात. गालांवरून नाकापर्यंत पसरलेला लाल चट्टा फिकटलाय. कानामागचे केस मात्र गेले ते गेले. तिथं व्रण पडलाय, आता उगवायचे नाहीत म्हणतात. ठमी हसून म्हणते, आत्या, तेवढंच तेल वाचलं. मला हसू येत नाही.

हे ल्युपस काय प्रकरण आहे, ते मी जाड चष्मा लावून, अडलं ते चारचौघांना विचारत वाचून काढलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कळलं ते एवढंच: अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उलटते. कुंपणानंच शेत खायचं. त्यात ऊन म्हणजे आगीत तेल. बाकी शिवून ते कुणाला लागत नाही.

आणि तू काय केलंस? कपडे रंगवायचं तुझं दुकान त्या पोरीच्या गोड जिभेवर चालायचं. एका बाईनं तिच्या हातून कपडा चिमटीत धरून घेतला, वर विचारलं, याला काही लागणार नाही ना? त्या बाईला दार दाखवायचं सोडून तू पोरीला गच्ची दाखवलीस! भर उन्हाळ्यात, ओले कपडे वाळत घालायला! अरे, रेशमाचा रंग विटेल म्हणून वर ताडपत्री ताणतोस, जरा तिरीप पडली की कामगारांवर खेकसतोस. रेशीम सावलीत आणि पोटची पोर उन्हात! वर मला फोनवर सांगतोस, ताई, गिऱ्हाईक तुटतं गं. गिऱ्हाईक तुटतं, आणि पोर काय रबराची आहे?

लहानपणी तुला मानभर नायटा झाला होता. वर्गात शेजारी कुणी बसेना, तर आई तुला मांडीवर घेऊन मुद्दाम दारात बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. आणि नायटा तर लागतो, गाढवा!

हे सगळं फोनवरच झाडलं असतं, पण माझा आवाज चढला असता आणि ठमीनं ऐकलं असतं. तिनं बॅग भरलीय. रविवारी ती तुझ्याकडे येतेय. अडवून पाहिलं, ऐकत नाही. म्हणते, बाबांना उन्हाचं ठाऊकच नव्हतं, नाहीतर त्यांनी मला वर पाठवलं असतं का?  पण परवा तिला तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन झापलं. पहिल्याच खेपेला, ठमी आत रक्त द्यायला गेली असताना, त्यांनी तुला बजावलं होतं, हिला उन्हापासून जपा. तू म्हणालास, मी सांगतो तिला. तू सांगितलं नाहीस, धाकट्या. सांगून मग वर पाठवलं कसं असतंस? मीही तिला हे सांगितलेलं नाही. ते माझं काम नव्हे. ती दारात आली की तू सांग, मला ठाऊक होतं म्हणून. मग राहायचं की माघारी फिरायचं, ते तिचं ती ठरवेल. तिचं इथलं अंथरूण मी उचललेलं नाही.

रागावलेय, तरी तुझीच,
ताई