ऑक्तावचा रुमाल

मी, क्लोतिल्द बारेल, वय एकसष्ट, धंदा खाणावळीचा, राहणार मेनिलमोंतां, पॅरिस, नोटरीसाहेबांसमोर सांगते की माझी छाती निकामी झाली आहे, डोकं नाही. दडपण कोणाचंही नाही. मला दडपेल असा माणूस या गल्लीत अजून जन्मायचा आहे. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं.

१. खाणावळ, वरच्या खोल्या, तळघरातली वाइन आणि मांजर हे सर्व माझी धाकटी बहीण जेर्मेन हिला मिळावं. आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक करतो, पण ऑक्ताव गेल्यापासून एकमेकींशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी मी मांजरालाच सांगते.

२. ऑक्ताव माझा माणूस. लग्न राहून गेलं. तो तिजोऱ्या फोडायचा. त्याची गिरमिटं कोळशाखाली आहेत, ती सेन नदीत टाकावीत. “ही शेवटची, क्लो. मग समुद्राकाठी घर घेऊ,” असं तो दर वेळी म्हणायचा. खरोखरच्या शेवटच्या तिजोरीपाशी त्याच्या जोडीदाराने पहारेकऱ्याला ठार मारलं, आणि ऑक्ताव आमच्या माळ्यावर येऊन लपला.

३. इन्स्पेक्टर वासर यांचा रुमाल त्यांना पोस्टाने परत करावा. यापुढे त्यांचं पान मांडू नये. आमच्याकडे रोजच्या गिऱ्हाइकाचा जेवणाचा रुमाल भिंतीवर त्याच्या खणात असतो, आणि सगळे रुमाल आम्ही सोमवारीच धुतो, हे गल्लीला ठाऊक आहे. त्या गुरुवारी साहेब मसूर खायला आले. आपला रुमाल काढताना त्यांना शेजारचा ऑक्तावचा खण रिकामा दिसला.

“ऑक्ताव आलाय की काय गं?”

“छे हो साहेब! त्याचा रुमाल धुवायला टाकलाय,” जेर्मेन म्हणाली.

“गुरुवारी?”

साहेबांनी चीज संपवलं, तोंड पुसलं, रुमाल घडी करून खणात ठेवला आणि मग जिना चढले. ऑक्ताव खिडकीतून पत्र्यावर उतरला. गोळीचा आवाज मी मोरीपाशी ऐकला. अजून ऐकते.

४. रुमाल जेर्मेनने आपणहून वर नेला नव्हता. माळ्यावरून ऑक्तावच कुरकुरला होता, “अगं, नुसतं सूप? रुमाल कुठाय? मी माणूस आहे की कुत्रा?” तिने त्याचं मन राखलं, आणि खोटं बोलली तेही त्याला वाचवायलाच. तेव्हापासून ती गुरुवारी जेवत नाही. मला कळत नाही असं तिला वाटतं. तिने आता जेवावं, ही माझी इच्छा नसून अट आहे.

५. ऑक्तावचा रुमाल कुठे गेला, हे ती मांजराला विचारत असते. तो माझ्या उशीखाली आहे, सुपाच्या डागासकट. माझ्यानंतर तो जेर्मेनने धुवावा. सोमवारची वाट पाहू नये.

सही: क्लोतिल्द बारेल
साक्षीदार: बेर्त लोरिओ, पाववाली; फिर्मां काझाल, कोळसेवाला (हात धुऊन सही केली)
नोटरी: आर्मां देल्पेश
पॅरिस, गुरुवार, ८ नोव्हेंबर १९५६