माझूच्या पालखीमागे माझा अंगठा

१४ एप्रिल, दुपारी
ही वही निघायच्या दिवशीच सुरू करणार होतो. आज तिसरा दिवस. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं, पण वाटेत एक माणूस पतंग दुरुस्त करत होता, त्यात दुपार गेली.

मुद्दा आईचा. तिला शुगर आहे, पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाही. डॉक्टर म्हटलं की ती सोयादुधाचं पातेलं ढवळायला लागते. शेवटी म्हणाली, "आ-झे, तू जन्मात एक गोष्ट पुरी कर. आपल्या गावच्या माझूदेवीच्या पालखीमागे बेइगांगच्या देवळापर्यंत चालत जा, चालत परत ये. त्या दिवशी पाय दाखवीन."
म्हणजे आईचा पाय आता माझ्या पायांवर. नवे बूट घेतलेत. थोडे लहान आहेत, पण सेल होता. सैल होतील.

१५ एप्रिल
शेजारून ग्वो काका चालतात. वय बहात्तर, विसावी खेप. बूट बघून म्हणाले, "पोरा, चालून पाय फुगतात. एक नंबर मोठा घ्यायचा असतो."
माझे फुगत नाहीत, मी सांगितलं.
"नखं तरी सरळ कापलीस ना?"
कोपरे खोल कोरून मस्त गोल केलीत, म्हटलं. काकांनी पालखीकडे बघून हात जोडले.

रस्त्यात बायका मांडव टाकून सगळ्यांचे पाय चोळतात, फोडांना पट्ट्या लावतात, वर शेवयांचं सूप पाजतात. नाही म्हणायचं नसतं. मी पाच मांडवांना नाही म्हटलं नाही. अंतर: चार किलोमीटर. पालखी दिसत नाही.

१६ एप्रिल, सकाळी
अंगठा वांग्याएवढा. रंगही तोच.
डोकं चालवलं. पालखी कुठून जाईल ते कुणालाच माहीत नसतं. फाट्यावर ती डुलते आणि देवीला वाटेल तिकडे वळते. पण गेली तीन वर्षं ती समुद्राकडच्या पुलावरून गेलीय. बसने पुढे जायचं, पुलावर थांबायचं, ती आली की चालायला लागायचं. ही फसवणूक नाही. वाट बघणं हीसुद्धा भक्तीच.
काका म्हणाले, "देवीला रस्ता तू सांगणार? बरं बाबा. पुलावर आली की हॉर्न दे म्हणावं तिला."

संध्याकाळी
पुलावर मी आणि एक कुत्रा. पालखी सरळ नदीच्या पात्रात उतरून पलीकडे गेली म्हणे. माझ्यापासून वीस किलोमीटर. यंदा देवीचं नियोजन ढिसाळ आहे.

१७ एप्रिल
आईला फोन केला. छान चाललंय, पाय फुलासारखे आहेत, सांगितलं.
"खरंच चालतोयस?" तिचा आवाज कसासाच झाला. "मला वाटलं होतं, दुसऱ्याच दिवशी कुठेतरी झोपला असशील."
हा अपमान आहे. झोपलो होतो, पण तिसऱ्या दिवशी.
अंगठ्यातून पू येतोय. गुपचूप बसने गावी परत. घरी जायचं नाही. मित्राच्या गॅरेजमध्ये मुक्काम.

१८ एप्रिल, सकाळी साडेदहा
गावात पायांचा दवाखाना एकच. मास्क, टोपी, गॉगल घालून आलो. डॉक्टर जुआंग बाईंनी विचारलं, "दरोडा घालायचाय की पाय दाखवायचाय?" नख मांसात घुसलं होतं. अर्धं काढलं. दोन आठवडे चालणं बंद.
लंगडणं चालण्यात धरतात का, विचारलं. बाईंनी पट्टी आणखी घट्ट आवळली.

तरी सगळं हातात आहे. इथे पडदा ओढून पडलोय. पालखी बावीसला परत येते. शेवटच्या गल्लीत गर्दीत घुसायचं, शंभर पावलं टाकायची, यात्रेकरूंचा झेंडा हातात घेऊन आईसमोर उभं राहायचं. दमलेला चेहरा आजपासून जमवतोय. मग ती पाय दाखवेल. चूक कुठे निघत नाही.

अकराला पाच कमी
बाहेर नर्सला कुणीतरी सांगतंय, "अंगठ्याची जखम आहे. पोरगा परत आल्यावरच येणार होते. पण तो तिकडे उन्हात चालतोय आणि मी हट्ट धरून घरी बसायचं, हे मनाला पटेना."
नर्स म्हणाली, "आत या, मावशी. पडद्यामागे एकजण आहे, त्याच्या शेजारची खाट रिकामी आहे."
आई आलीये.