सुमीचे मोजे

रविवार, ताडकळस

पाच रविवार पोरीचे पाय गरम पाण्याच्या कुंडात बुडवा, पांढरे डाग गेले की सुपारी फोडू म्हणं! असं बोलणं असतंय का पाथरीच्या पाहुण्यांचं? आज पाचवा रविवार, डाग हायेत तसेच. त्या कुंडावर बायांची ही गर्दी. माझी सुमी मोजेच काढीना. शेजारी बसलेली म्हातारी म्हणली, "मोजे धुवायला आलीस का गं माय?" सुमी खुदकन हसली. मोजे काढून पाय सोडले पाण्यात. "आई, लय बरं वाटायलंय." ते मोजे मीच आणून दिलते. डाग झाक म्हणलं होतं. का म्हणलं मी तसं? येताना एसटीत उघड्या पायानं बसली, खिडकीपाशी. उद्या पाहुण्यांला फोन करते. डागासकट पोरगी पाहिजे का न्हाई, शुक्रवारपर्यंत सांगा. न्हाई तर मीच न्हाई म्हणते.