हनुवटीवरची चांदणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच बरा. त्यात तोंड जमिनीकडे राहतं, आणि सध्या मला तेच सोयीचं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला का, की अजून ते तुझी पाठ वळली की औषध कुंडीत ओततात? इकडे सगळे ठणठणीत. हे रोज सकाळी अर्धा तास फिरतात आणि उरलेला दिवस त्या फिरण्याबद्दल बोलतात. माझी तब्येत उत्तम, कातडी तर विचारूच नकोस. आणि तिथेच सगळा घोटाळा आहे.

झालं काय, मध्यंतरी नववीला अणुरेणू शिकवत होते आणि मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. जाऊन बघते तर दोन वेण्यांची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, मांडीवर गुलाबी खोका घेऊन बसलेली. झाकणावर झोपलेलं मांजर. आत कोरियाहून आलेली तोंडाला लावायची सामग्री: अस्वलाच्या तोंडाची डबी, ओठांना लावायची पीचच्या आकाराची नळी, इवल्या इवल्या बाटल्या. अगदी भातुकली गं! मावशीनं पाठवलाय म्हणे. मी तो उचलला आणि (माझी जीभ तुला ठाऊक आहे) सगळ्या वर्गासमोर व्याख्यान झोडलं. ‘तोंडाला रंग फासून अक्कल येत नसते’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. पोर खाली मान घालून उभी. पालकसभेत आईच्याच हाती देईन, असं बजावून खोका जप्त केला.

शाळेतल्या कपाटाचं कुलूप बिघडलंय म्हणून तो घरी आणला. (कुलूप चांगलं आहे. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?) एका दुपारी हे घोरत असताना सहज उघडला. मी विज्ञानाची बाई, पोरींच्या हाती काय पडतंय ते तपासायला नको? आणि तपासणी रीतसर व्हावी म्हणून सगळं डाव्या गालाला लावलं, उजवा तुलनेसाठी कोरा ठेवला. (प्रयोगाची हीच पद्धत. मीच शिकवते.) थोड्या दिवसांत डावा गाल असा तुकतुकीत झाला की एका बाजूनं मी भाची दिसायचे आणि दुसऱ्या बाजूनं तिची मावशी. असलं तोंड घेऊन बाईमाणसानं वावरायचं कसं? मग उजव्यालाही लावणं भाग पडलं. उजवा बरोबरीला येईपर्यंत डावा पुढे निघून गेलेला. या दोघांच्या चढाओढीत खोका कधी संपत आला ते कळलंच नाही. मध्येच यांनी चष्मा लावून एका बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, “अगं, यात गोगलगायीचा चिकटा आहे.” मी किंचाळले, खसाखसा तोंड धुतलं, आणि संध्याकाळी पुन्हा लावला. इतकी मी घसरले, ताई.

एवढे थर सोसवले नाहीत म्हणून की काय, या वयात हनुवटीवर मुरूम आला. खोक्यात त्यावरही तोड होती: मुरमावर चिकटवायच्या पिवळ्याधमक चांदण्या. झोपताना एक लावली, सकाळी घाईत विसरले आणि तशीच शाळेत गेले. प्रार्थना झाल्यावर सगळ्या शाळेपुढे उभी राहून साधेपणावर बोलले. हो, साधेपणावर! कुणी हूं की चूं केलं नाही. मुख्याध्यापकांनी घसा खाकरून छताकडे पाहिलं. शिपाईमामा दोनदा तोंड उघडून तसेच परत गेले. कुणाची छातीच झाली नाही. मला आपलं वाटलं, वा, आज काय शिस्त आहे!

मग नववीचा तास. ती दोन वेण्यांची पोर माझ्या तोंडाकडे टक लावून बघतेय म्हणून तिला दटावलं. तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “बाई, ती सकाळी काढून टाकायची असते.” मी हनुवटीला हात लावला. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. आणि मी काय केलं असेल? “एवढं लक्ष अभ्यासात असतं तर!” म्हणून तिलाच बाहेर घालवलं.

पुढे पालकसभा आली. मी म्हटलं, आता आपली धडगत नाही. तिची आई दवाखान्यात परिचारिका आहे, कामावरून तशीच धावत आली होती. मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, “आई, बाईंनी खोका मला तेव्हाच परत दिला होता. माझ्याकडूनच हरवला.” आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मावशीनं इतक्या लांबून पाठवला होता. बाई, तुम्हीच जरा समज द्या हिला.”

आणि मी समज दिली, ताई. प्रेमानं दिलेली वस्तू कशी जपावी, हलगर्जीपणा कसा अंगाशी येतो, सगळं साग्रसंगीत. ती पोर मान डोलावत होती. आणि माझ्या तोंडाला त्या क्षणीसुद्धा तिच्याच डबीतलं मलम होतं. मला माझी भयंकर लाज वाटते गं. आरशात बघवत नाही, आणि चेहरा असा झाला आहे की बघावंसं वाटतं.

असो. भावजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. गुडघा शेकत जा. उत्तराची घाई नाही. (आहे.)

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. भाचीला या गोष्टींतलं कळतं. तिला विचारून अगदी तसाच खोका, झाकणावर झोपलेलं मांजर असलेला, मिळवून पाठव. मांजर झोपलेलंच हवं. ‘कपाटामागे सापडला’ म्हणून पोरीला गुपचूप देऊन टाकीन. कशासाठी हवाय ते भाचीला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “गुपचूप दिलास तर लबाड ती पोरच ठरेल.” मी दोन तास भांड्यांची आदळआपट केली, मग तिच्या आईला फोन केला. कबूल करायला सुरुवात केली तर बाई म्हणते, “ठाऊक आहे मला. तुम्ही चांदणी लावून आलात त्याच दिवशी ती घरी बोलली. सभेत तुम्ही आपणहून सांगाल म्हणून मी वाट करून दिली होती.” मी विचारलं, मग पोर सभेत खोटं का बोलली? तर म्हणे, घरी गेल्यावर आईनं तेच विचारलं, तेव्हा पोर म्हणाली, “सगळ्यांसमोर कसं वाटतं, ते मला माहीत आहे ना.”

शेवटी फोन यांनी ठेवला.

तेव्हा खोका पाठवच, भाचीला खुशाल सगळं सांग. सगळ्या वर्गासमोर घेतला होता, सगळ्या वर्गासमोरच परत देणार आहे. फक्त त्या वेळी काय बोलायचं ते काही केल्या सुचत नाही. तुला सुचलं तर खोक्यात एक चिठ्ठी घाल. चार ओळी पुरेत, भाषण नको.